मनोऱ्यावरून जुने घर शोधताना

परवा कपाट आवरताना लेकीच्या जुन्या चित्रकलेच्या वहीत एक छायाचित्र सापडले. आमच्या दाराबाहेरचा व्हरांडा, कठड्याला टेकलेली तीन वर्षांची लेक आणि तिच्या मागे बऱ्याच दूर, डोक्यावर क्रेन घेऊन उभा असलेला अर्धवट मनोरा, म्हणजे टोकियो स्कायट्री. २००९ ते २०१३ आम्ही टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाईत राहत होतो. सकाळी पाळणाघरात जाताना मनोरा कालच्यापेक्षा वाढला आहे की नाही, यावर बापलेकीची पैज लागत असे. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर जिन्याने खाली उतरण्यापूर्वी मी आधी त्याच्याकडे पाहिले होते, हे मला अजून आठवते. तो उभा होता, आणि नेमक्या एका आठवड्याने त्याने आपली ६३४ मीटरची पूर्ण उंची गाठली. मे २०१२ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला, पण आम्ही काही वर गेलो नाही. घराजवळची गोष्ट नेहमीच राहून जाते.

बारा वर्षांनी, एका डिसेंबरात, आम्ही तिघे एकदाचे वर गेलो. ३५० मीटरवरच्या सज्जात उद्वाहन पन्नासेक सेकंदांत पोहोचवते. हवा स्वच्छ होती, फुजी दिसत होता आणि सगळी गर्दी पश्चिमेच्या काचांशी लोटली होती. आग्नेयेच्या काचेपाशी मात्र आम्ही तिघेच होतो. घर सहा-सात किलोमीटरवर असणार, एवढे ठाऊक होते. आधी आराकावा नदी सापडली. १९१० च्या महापुरानंतर मुद्दाम खणलेला तो पात्राचा रुंद पट्टा इतका आखीव आहे, की खाली राहताना जी निव्वळ नदी वाटत असे ती वरून पाहिल्यावर माणसाचे काम आहे हे लगेच कळते. मग तोझाई या मेट्रो मार्गाचा पूल शोधला. ही गाडी शहराच्या पोटातून येते आणि नदीच्या अलीकडे उजेडात बाहेर पडते. पुलावर आकाशी पट्ट्याची गाडी दिसेपर्यंत आम्ही दुर्बीण हातोहात फिरवत राहिलो. ती दिसली, तिच्या मागोमाग नजर स्टेशनावर पोहोचली, आणि तिथे मी अडले.

मी आमची गॅलरी शोधत होते. वाळत घातलेल्या गाद्या, निळसर कठडा, अशा खुणा मनात धरल्या होत्या. लेक म्हणाली, "आई, गॅलरी दक्षिणेला होती ना? इथून दारांची बाजू दिसेल." बरोबरच होते. मनोरा आम्हाला व्हरांड्यातून दिसत असे, तेव्हा मनोऱ्यालाही आमचा व्हरांडाच दिसणार. अंधारू लागले आणि एकेका इमारतीच्या पाठीवर व्हरांड्यांतल्या पांढऱ्या दिव्यांच्या ओळी उमटल्या. अकरा मजल्यांची आमची इमारत सापडली. वरच्या चार ओळी मोजता आल्या. आमचा सातवा मजला मात्र मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीच्या आड गेला होता.

आपण कधी काळी राहिलो ते शहर असे उंचावरून पाहण्याचा योग कुणाला आला असेल, तर अवश्य लिहावे.

अर्धविराम : आमचे अगदी उलट झाले. टोरोंटोत आमचे घर सीएन टॉवरच्या पायथ्याशीच होते. तीन वर्षे खिडकीतून पाहिले तर मान उंच करूनही त्याचे टोक दिसत नसे. सोडून गेल्यानंतर पाहुण्यांबरोबर वर गेलो, तर चहूकडच्या काचांतून पार सरोवरापर्यंतचे शहर दिसत होते, फक्त आमचे घर दिसत नव्हते, कारण ते पायाखाली होते. शेवटी ३४२ मीटरवरच्या काचेच्या जमिनीवर मी पालथा झोपलो आणि इमारतीचे छप्पर पाहिले. एसीची यंत्रे, डांबराचे एक ठिगळ आणि कुणीतरी विसरलेली खुर्ची. ज्या छपराखाली एवढे राहिलो, ते पहिल्यांदाच पाहत होतो. सुरक्षारक्षकाने दोनदा येऊन, बरे वाटत नाही का, असे विचारले.

निंबोणी : अर्धविराम, पालथे झोपण्याचे धाडस वाचूनच माझ्या पोटात गोळा आला. सिएटलच्या स्पेस नीडलवर २०१८ पासून काचेची जमीन आहे आणि तीही सावकाश फिरते, हे समजल्यावर मी पायथ्याशीच बाकावर बसून राहिले. नवरा वरून फोनवर वर्णन करत होता आणि आपली जुनी गल्ली नेमकी कुठे आहे, हे मी त्याला खालून सांगत होते. दहा मिनिटांनी लक्षात आले, की जमीन फिरत असल्यामुळे तो प्रत्येक वेळी वेगळ्याच दिशेला पाहून "हो, दिसली" म्हणत होता.

वाटसरू : बाबांनी दुबईत बावीस वर्षे नोकरी केली आणि आम्ही करामात लहानाचे मोठे झालो. बुर्ज खलिफा जानेवारी २०१० मध्ये खुला झाला, तोवर बाबा निवृत्त होऊन परतले होते. पुढे मी त्यांना मुद्दाम घेऊन गेलो. १२४ व्या मजल्याचे तिकीट आठवडाभर आधी काढले होते, आणि नेमकी त्या दिवशी धूळ. काचेपलीकडे निव्वळ मातकट पडदा होता. मी चडफडत होतो. बाबांनी मात्र तर्जनी उचलून, जराही न अडखळता, "ते आपले घर, त्याच्या डावीकडे तुझी बसची जागा, त्यापलीकडे खाडी," असे सगळे दाखवले. मी मान डोलवत राहिलो. परतल्यावर नकाशा काढून ताडून पाहिले, तर त्यांची दिशा बरोबर निघाली.

कोरा_कागद : वाटसरू, तुमचे बाबा आवडले. बुर्ज खलिफावरून आठवले, तिथे वरच्या मजल्यांवर सूर्य उशिरा मावळतो, म्हणून रमजानचा उपवास ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटे आणि दीडशेच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे उशिरा सोडावा, असे तिथल्या धर्मखात्याने सांगितले होते. आम्ही खाली राहत होतो तेव्हा याचा हेवा वाटत नसे.

पैलतीर : बर्लिनमध्ये मी टेम्पलहोफ विमानतळाला खेटून राहत असे. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरून विमान उतरताना कपबश्या किणकिणत. २००८ मध्ये विमानतळ बंद झाला, त्याच सुमारास मीही शहर सोडले. पुढे टेलिव्हिजन टॉवरच्या २०३ मीटरवरच्या सज्जात गेले, तेव्हा घर शोधावे लागलेच नाही. दाटीवाटीच्या शहरात दक्षिणेला केवढी तरी मोकळी जागा पसरलेली होती, धावपट्ट्या जागेवर होत्या, आणि त्या मोकळीच्या काठावर आमची गल्ली. २०१० पासून ते मैदान लोकांना खुले आहे आणि तिथे बांधकाम होऊ नये, असा कौल बर्लिनकरांनी २०१४ मध्ये दिला. म्हणजे माझी खूण नागरिकांनी मतदान करून राखली आहे, असे मी आपले समजते. त्या गोंगाटाला मी चार वर्षे शिव्या घातल्या होत्या, हे इथे कबूल करते.

खडूस_काका : एवढा उमाळा मला येत नाही. क्वालालंपूरच्या मनोऱ्यावर गेलो तेव्हा स्वतःच्या घराआधी घरमालकाचे घर शोधले. त्यांनी भिंतीवरच्या दोन खिळ्यांच्या भोकांपायी माझी अनामत बुडवली होती. सापडल्यावर फार बरे वाटले.

पैलतीर : काका, हाही उमाळाच आहे.

अर्धविराम : धागाकर्त्या ताईंना एक विचारायचे आहे. स्कायट्रीवर शहराचा एखादा जुना देखावा लावला आहे, असे ऐकले होते. तो पाहिलात का?

धागाकर्ती : हो, कुवागाता केइसाई यांनी १८०९ मध्ये रंगवलेल्या, एदो शहर, म्हणजे जुने टोकियो, दाखवणाऱ्या पडद्याची प्रतिकृती ३५० मीटरवरच्या सज्जात आहे. चित्रात सुमिदा नदी, किल्ला आणि मागे फुजी आहे, आणि काचेतून पाहिले तर तशीच मांडणी दिसते. आश्चर्य हे, की तेव्हा इतक्या उंचावरून पाहण्याची कसलीच सोय नव्हती. चित्रकाराने पायी हिंडून जमवलेले शहर मनातल्या मनात वरून पाहिले. वाटसरूंच्या बाबांचे वाचल्यावर मला तेच चित्र आठवले.

रोजचा_प्रवासी : ताई, आम्ही सध्या निशी-कासाईतच राहतो, रुळांच्या उत्तरेला, सहा वर्षांपूर्वी बांधलेल्या चौदा मजली इमारतीत. आमच्या दारातून मनोरा स्वच्छ दिसतो. आमच्या मागे एक जुनी अकरा मजली इमारत आहे. उद्यानाच्या कोपऱ्यावरची, तळमजल्यावर सायकलींचा लोखंडी मांडव असलेली. ती तर तुमची नव्हे?

धागाकर्ती : मांडव हिरव्या पत्र्याचा असेल आणि त्याचा एक खांब वाकलेला असेल, तर ती आमचीच. तो खांब आमच्या यजमानांच्या सायकलीने वाकला आहे. म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या आड आला होतात!

रोजचा_प्रवासी : क्षमा असावी. खांब आहे की नाही, ते उद्या सकाळी खाली उतरल्यावर पाहतो. आत्ता पाऊस आहे आणि मनोराही निम्मा ढगात आहे.