ट्रेडिंगसाठी लॅपटॉप कोणता घेतलात? पुणेकरांनो, अनुभव लिहा

नवीन लॅपटॉप घ्यायचाय, फक्त शेअर ट्रेडिंगसाठी. दुकानात गेलं की गेमिंगवाला पुढे करतात आणि यूट्यूबवर प्रत्येकाचं वेगळंच, म्हणून म्हटलं जे रोज सव्वानऊला बाजार उघडताच बसतात त्यांनाच विचारावं. काय घेतलं, किती टिकलं, काय चुकलं ते सगळं लिहा, मॉडेल आठवत नसेल तरी चालेल.

आधी माझं सांगते. मी कोथरूडला, मुलाला शाळेत सोडून आले की साडेनऊ ते अकरा बसते, स्विंग (काही दिवस धरून विकणं) आणि थोडं इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं). लॅपटॉप सात वर्षं जुना, ८ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. चार चार्ट, ऑप्शन चेन (ऑप्शन्स या मुदतीच्या करारांच्या भावांचा लांबलचक तक्ता) आणि ऑर्डरची विंडो उघडली की फॅन घूं घूं करायला लागतो आणि चार्ट अडकतो. मागच्या महिन्यात स्टॉपलॉस (ठरवलेल्या भावाला तोटा थांबवणारी ऑर्डर) बदलायला गेले तर स्क्रीन हँग, मोबाईल शोधून त्यावरून बदलेपर्यंत साडेतीन हजार गेले. बजेट ५५-६० हजार.

—

ताई, मी धायरीत राहतो, २०२१ पासून निफ्टी ऑप्शन्स करतो. तुम्हाला दुकानदार जे घ्यायला सांगतोय तेच मी घेतलं होतं, ९२ हजारांचा गेमिंग लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड वगैरे. चार्टला ते कार्ड लागतच नाही हो, प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्स दोन मॉनिटर आरामात चालवतं. वर वजन अडीच किलो आणि बॅटरी जेमतेम दीड तास.

आता या दीड तासाचं सांगतो. आमच्याकडे देखभालीसाठी लाईट जाते ती गुरुवारी, आणि तेव्हा निफ्टीची एक्सपायरीही, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायचा दिवस, गुरुवारीच असायची (सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी गेली, गुरुवारी आता सेन्सेक्सची असते). एका गुरुवारी दहाला लाईट गेली, इन्व्हर्टर आहे पण त्यावर फक्त पंखे आणि ट्यूब, टेबलाजवळचा प्लग नाही आणि राउटरही नाही, हे तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालू ठेवलं आणि साडेअकराला लॅपटॉपच बंद. शॉर्ट स्ट्रॅडल उघडं होतं, म्हणजे एकाच भावाचे कॉल आणि पुट दोन्ही ऑप्शन विकलेले. दोन्ही पाय मोबाईलवरून कापले, नुकसान फार नाही झालं पण हात थरथरत होते ते अजून आठवतं.

त्यानंतर सगळं बदललं. तो लॅपटॉप भाच्याला इंजिनिअरिंगसाठी दिला, मी साधा रायझन ५, १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडीवाला (फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) घेतला, बॅटरी खरोखर सहा तास जाते म्हणजे सव्वानऊ ते साडेतीन जवळजवळ निघतं. राउटरला छोटा यूपीएस लावला. ब्रोकरचा कॉल अँड ट्रेडचा नंबर भिंतीवर चिकटवलाय, सगळंच बंद पडलं तर फोन करून पोझिशन काढता येते, थोडे जास्त पैसे कापतात पण कापू देत. आणि ऑर्डर फास्ट जावी म्हणून महागडा प्रोसेसर घेऊ नका, ऑर्डर ब्रोकरच्या सर्व्हरवरून एक्सचेंजला जाते, तिथे तुमच्या आय७ चा काही संबंध नाही.

—

मी निवृत्त, वय ६८, सदाशिव पेठ. फक्त डिलिव्हरी घेतो, म्हणजे शेअर विकत घेऊन ठेवतो. एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये) तीन वर्षांत शंभरातले ९३ जण तोट्यात गेले असं बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं, ते वाचल्यावर तर तिकडे फिरकलोच नाही. आमच्यासारख्यांना वेग नको, दिसायला हवं. १४ इंचावर आकडे धूसर दिसायचे, एकदा ५० च्या जागी ५०० टाकले होते, कन्फर्म करताना नजरेस पडलं म्हणून निभावलं. मग तपकीर गल्लीजवळून कंपनीत वापरून काढलेला रिफर्बिश्ड थिंकपॅड २४ हजारांत घेतला आणि उरलेल्या पैशांत २४ इंची मॉनिटर. फार समाधानी आहे. मात्र जुना घेताना प्रोसेसरची पिढी विचाराच, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ साठी इंटेलची आठवी पिढी तरी लागते. मला आधी सहाव्या पिढीचा १४ हजारांत दाखवत होते, पण डिमॅटचं लॉगिन ज्यावर करायचं त्याला सुरक्षेचे अपडेट मिळायलाच हवेत.

—

वाकड. मॅकबुक एअर एम१ आहे, बॅटरी आणि शांतपणा याला तोड नाही, पण घेण्याआधी दोन गोष्टी बघायच्या राहून गेल्या. एम१ आणि एम२ च्या एअरला बाहेरचा मॉनिटर एकच लागतो, मी दोन आणून ठेवले होते. (एम४ वाल्याला दोन चालतात.) दुसरं म्हणजे अ‍ॅमीब्रोकर हे चार्टचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. माझी सगळी बॅकटेस्टिंग (जुन्या भावांवर पद्धत तपासून बघणं) त्यात, त्यामुळे शेवटी त्यासाठी वेगळा विंडोज लॅपटॉप ठेवावा लागला. नुसतं ब्राउझरवर काम असेल तर मॅक झकास.

—

मॅडम, मी लॅपटॉप रिपेअरिंग करतो, नऱ्हेला. नवीन घेण्याआधी एक करा, सव्वानऊनंतर सगळे चार्ट उघडे असताना विंडोजचा टास्क मॅनेजर बघा, त्यात मेमरी आणि डिस्क किती टक्के वापरात आहे ते दिसतं. मेमरी नव्वदच्या वर आणि डिस्क शंभरला टेकलेली असेल तर रोग तिथेच आहे. सात वर्षं जुन्या मशीनला बहुतेक वेळा एसएसडी बसते, रॅमचा स्लॉटही असतो, नव्याच्या मानाने खर्च फारच कमी. आणि नवीनच घेणार असाल तर रॅम वाढवता येते का ते आधी विचारा, हल्ली बऱ्याच पातळ मॉडेल्सची बोर्डवरच सोल्डर केलेली असते, ८ घेतली की कायम ८. त्यातलीही थोडी ग्राफिक्स खातं. यूएसबी-सी पोर्टवरून मॉनिटर चालतो का तेही बघा, सगळ्या पोर्टवर डिस्प्ले येत नाही, काही फक्त चार्जिंग आणि डेटाचे असतात.

—

परत मीच, कोथरूड. आज बघितलं, मेमरी ९४ टक्के आणि डिस्क शंभरवरून हलतच नव्हती. मशीन उघडून घेतलं तर रॅमचा एक स्लॉट रिकामा, प्रोसेसर आठव्या पिढीचा. एसएसडी आणि आणखी ८ जीबी टाकायला दिलंय, शनिवारी मिळेल. काकांचं वाचून मॉनिटरही घेतेय, १९२० बाय १२०० चा, उभी जागा जास्त म्हणून ऑप्शन चेन जास्त दिसेल. धायरीच्या दादांना विचारायचंय, माझ्या राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिलंय, दुकानात २ अँपिअरचा यूपीएस आहे, चालेल का?

—

चालेल ताई. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त असले तरी राउटर लागतील तेवढेच ओढतो. फक्त पिन बसते का ते दुकानातच लावून बघा, आणि फायबरचा वेगळा डबा असेल तर त्यालाही बॅकअप लागेल, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद.