अंगणातला कोबा फोडून मधुमालती लावायचीय, कसं करू?

सातारकर: आमच्या मागच्या अंगणात वडिलांनी पावसाळ्यातल्या चिखलाला कंटाळून सगळीकडे काँक्रीट करून घेतलं होतं, त्याला आता 12-13 वर्षं झाली. पश्चिमेची भिंत दुपारी इतकी तापते की स्वयंपाकघरात उभं राहवत नाही, शिवाय आईच्या माहेरी दारात मधुमालती होती म्हणून तिला तीच हवीय. दोन वर्षं मोठ्या कुंडीत लावून बघितली पण एप्रिल-मे मधे दोनदा पाणी घालूनही पानं करपतात. मिस्त्री म्हणतो ब्रेकर लावतो, तासाभरात काम होईल. बाकीच्या कोब्याला तडे जातील का? आणि खड्डा केवढा हवा?

मातीकाम: डायरेक्ट ब्रेकर लावू देऊ नका!! आधी खाली काय आहे ते बघा, ड्रेनेजचे दोन चेंबर दिसत असतील तर पाइप बहुतेक त्यांच्या सरळ रेषेत असतो, नळाची लाइन, बोअरची केबल, अर्थिंग पण विचारून घ्या. मग 2 बाय 2 फुटांचा चौकोन आखून डायमंड ब्लेडने चारी बाजू कापा. 4 इंची ब्लेड जेमतेम इंचभर खोल जाते पण तेवढ्याने काठ सुटा होतो, मग मधून फोडत काठाकडे या, कोपऱ्यात आधी ड्रिलने भोक पाडलं तर तडा पुढे पळत नाही. धूळ फुफ्फुसाला फार वाईट, चांगला मास्क हवाच. साध्या ग्राइंडरवर पाण्याचा पाइप धरू नका, शॉक बसेल.

जाईजुई: आम्ही नाशिकला फक्त 9 इंचाचं भोक पाडून जाई लावली होती आणि ती पहिल्याच पावसात सडली, अजून वाईट वाटतं. कोब्याखाली धुमस करून बसवलेला मुरूम होता, पाणी जिरायला जागाच नव्हती. तुम्ही पहारीने 2 फूट खोल जा, मग बादलीभर पाणी ओतून बघा, सकाळपर्यंत तसंच राहिलं तर अजून खणा. सिमेंटचे तुकडे एकूण एक वेचा, त्यातल्या चुन्याने मातीचा सामू (pH) वाढतो आणि पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. नंतर पोयटा, जुनं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड.

सातारकर: खूप आभार दोघांचे. भिंतीला ओल येईल का ही आईची मुख्य काळजी आहे.

मातीकाम: भिंतीपासून दीड फूट तरी लांब ठेवा. खड्ड्याच्या कडेला 2-3 इंचाचा विटेचा काठ बांधा म्हणजे अंगण धुतल्याचं साबणाचं पाणी आत जात नाही. मधुमालती भिंतीला स्वतःहून चिकटत नाही, तिला आधार लागतो, तर भिंतीपासून 4-5 इंच सोडून पाइप आणि तारा लावा, मधून हवा खेळती राहते आणि भिंत खरंच कमी तापते. वाढते मात्र दणकून, खोड लाकडासारखं होतं, दरवर्षी बहर ओसरला की न घाबरता छाटायची, पाइप मजबूतच घ्या. छाटताना हातमोजे घाला, गळलेल्या पानांचे देठ काट्यासारखे राहतात.

सातारकर: आत्ताच टेपने मोजलं, चेंबरची लाइन बरोब्बर आम्ही ठरवलेल्या जागेखालून जाते. चौकोन 3 फूट डावीकडे सरकवतोय, म्हणजे वेल स्वयंपाकघराच्या खिडकीशीच येईल. संध्याकाळी पांढरी उमलून मग गुलाबी, लाल होत जाणारी फुलं आईला आतूनच दिसतील. कापायचं काम मे मधे उरकतो आणि मृगाचा पाऊस पडला की रोप लावतो.