पार्किंगमध्ये आधी कोण? कोल्हापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

नवरात्र जवळ आलं की बिंदू चौक, दसरा चौक, गांधी मैदान, सगळीकडं बाहेरगावच्या गाड्यांची रीघ लागते. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळे त्याच गाड्यांच्या मधनं वाट काढतात. रस्त्यावर निदान सिग्नल असतो. पार्किंगच्या आत गेलं की ज्याची गाडी मोठी तो आधी, असंच चाललंय. आमच्या अपार्टमेंटच्या तळघरात परवा शेजारची पोरगी सायकलसकट मागं येणाऱ्या कारखाली जाता जाता वाचली. तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातनं जात नाही. तुमच्याकडं काय घडलं, तुम्ही काय पाळता, सविस्तर लिहा. कुणाचं किंवा कुठल्या दुकानाचं नाव मात्र नको.

कदमवाडी, ड्रायव्हिंग शिकवतो
पार्किंगमध्ये कायदा लागत नाही, ही समजूत आधी काढून टाका. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये सार्वजनिक जागा म्हणजे फक्त रस्ता नव्हे; लोकांना जिथं जायचा हक्क आहे, अशी इतर जागाही त्यात येते. मी शिकाऊ मुलांना सांगतो, चालणारा माणूस पहिला. मग सरळ ओळीतनं येणारी गाडी. खाचेतनं, म्हणजे गाडी लावायच्या जागेतनं, मागं निघणारा सगळ्यात शेवटी. कुणाला धोका किंवा अडचण होणार नाही याची खात्री केल्याशिवाय गाडी मागं घ्यायची नाही, हे १९८९ च्या नियमावलीपासून लिहून ठेवलेलं आहे. दोन सारख्याच ओळी एकमेकींना छेदत असतील, तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या. आणि जागा मिळाली तर गाडी रिव्हर्समध्ये आत लावा. लावताना आपण थांबलेलोच असतो, आजूबाजूला बघून घेता येतं. निघताना तोंड पुढं असतं, समोरचं सगळं दिसतं.

मंगळवार पेठ
नवरात्रात आमच्या तालमीची पोरं पार्किंगला उभी असतात, मीही असतो. बघा, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते सांगू? गाडी थांबायच्या आतच दारं उघडतात. गोव्याची, बेळगावकडची मंडळी रात्रभर प्रवास करून आलेली असतात, कधी एकदा उतरतोय असं झालेलं असतं. त्यातलं एखादं पोरगं मागच्या दारानं उतरून गाडीच्या मागं जातं आणि ड्रायव्हर तेव्हाच रिव्हर्स टाकतो. मोठ्या गाडीच्या मागच्या काचेतनं एवढंसं पोर दिसतच नाही. म्हणून आता आम्ही फाटकाजवळच गाडी थांबवतो. ड्रायव्हर सोडून सगळे खाली, पोरांचा हात धरून भिंतीकडं. मग गाडी आत. काही जण चिडतात, पण हे आम्ही सोडत नाही.
दुसरं म्हणजे, ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणाऱ्यानं गाडीच्या बरोबर मागं उभं राहायचं नाही. ड्रायव्हरच्या आरशात आपण दिसू अशा बाजूला उभं राहायचं आणि हातानं खुणा करायच्या. स्पीकरवर आरती चालू असताना ओरडलेलं कुणाला ऐकू येणार? आणि आरशातनं माणूस दिसेनासा झाला की ड्रायव्हरनं थांबायचं, हे त्याला आधीच सांगून ठेवायचं.

शाहूपुरी
मी गाडी चालवत नाही, चालते. माझ्या नातवाला एवढंच शिकवलंय की उभ्या गाडीच्या मागं पांढरा दिवा लागला की जागेवर थांबायचं. तो दिवा म्हणजे गाडी मागं येणार. ड्रायव्हरनं आपल्याकडं बघून हात केल्याशिवाय पुढं जायचं नाही. गाडीवाल्यांनो, तो हात करायला विसरू नका.

उद्यमनगर, गॅरेज
सेन्सर आहे म्हणून मान वळवायची नाही, असं झालंय. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला मागचे सेन्सर सक्तीचे झाले, चांगलंच झालं. पण पावसाळ्यात त्यावर चिखल बसतो. बारीक खांब, साखळी, सायकलचं हँडल कधी कळतं, कधी नाही. घासलेले बंपर आमच्याकडं रोज येतात. आणखी एक, किरकोळ कामासाठी स्वतःच्या गाडीचा विम्याचा क्लेम करण्याआधी हिशेब करा. पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो, तो हातचा जातो.

साने गुरुजी वसाहत
आमच्या सोसायटीत रॅम्पवरनं रोज भांडण. एकाच गाडीपुरता रॅम्प, वर येणारा आणि खाली जाणारा दोघंही अडून बसायचे. घाटाचा नियमच लावला: चढणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्यानं वर थांबायचं. वळणावर बहिर्गोल आरसा बसवला, तळघरात दिवसाही हेडलाइट लावायचं ठरवलं. शेवाळ दर पावसाळ्यात खरवडून काढतो, नाहीतर दुचाकी सटकते. आता कुरबुर होते, भांडण नाही.

राजारामपुरी
एक विचारायचंय. आपण इंडिकेटर लावून थांबलोय, आतली गाडी निघतीय, तेवढ्यात कुणीतरी घरातलं माणूस रिकाम्या जागेत उभं करतं, ‘आमची गाडी येतीय’ म्हणून. मागच्या महिन्यात असा एक जण माझ्या बंपरसमोरनं हललाच नाही. अशा वेळी काय करायचं?

मंगळवार पेठ
वरच्या ताईंना. गाडी त्याच्या अंगावर घालायची नाही, एवढं पहिलं. जागा कितीही तुमच्या हक्काची असली तरी. आमच्याकडं इंडिकेटर लावून थांबलेल्या गाडीलाच जागा मिळते. उभ्या माणसाला आम्ही जाऊन बाजूला घेतो, ऐकलं नाही तर तिथल्या पोलिसांना बोलावतो. राखणदार नसेल तिथं पुढची जागा बघा. रिकाम्या खाचेत पोरांना उभं करणारे पण आहेत, त्यांना दादा-वहिनी म्हणून तिथल्या तिथं समजावून सांगा. मागनं येणाऱ्या गाडीला ते पोर दिसणार नाही.