बोडी आणि मोनो लेक: मुलं व ज्येष्ठांसोबत एका दिवसात जमेल का?

मेघना_प्र:
जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या ३९५ क्रमांकाच्या महामार्गावरून जाणार आहोत, मुक्काम ली व्हायनिंगला. बोडी हे सोन्याच्या खाणीचं ओसाड गाव आणि मोनो लेक सरोवरातले टुफा (चुनखडीचे सुळके) एकाच दिवशी पाहायचे आहेत. सोबत ६ आणि ११ वर्षांची मुलं आणि सासू-सासरे. गाडी भाड्याची मिनीव्हॅन. रस्ता कसा आहे? आधी कुठे जावं? खाणीत उतरता येतं का?

रानवाट:
सकाळी बोडी, संध्याकाळी टुफा. ३९५ ने उत्तरेला जा. ब्रिजपोर्टच्या साधारण ७ मैल अलीकडे उजवीकडे २७० लागतो. तिथून १३ मैल, त्यातले शेवटचे ३ कच्चे. नालीदार पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठलेल्या असतात, त्यामुळे वेग घेतला की चाकांची पकड सुटते आणि सामान आदळतं. ताशी १०-१५ मैलांनी मिनीव्हॅन निवांत जाते. भाडेकरार मात्र आधी वाचा. बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्यावरचं नुकसान विम्यात बसत नाही.

नकाशाचं अ‍ॅप कधीकधी १६७ वरून कॉटनवूड कॅन्यनचा 'जवळचा' रस्ता सुचवतं. तो घेऊ नका. तिथे कच्चा पट्टा कितीतरी लांब आहे आणि पावसानंतर चर पडतात. मोबाइलला रेंज मिळेल हे धरून चालू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा. बोडीत पेट्रोल नाही, खायलाही काही मिळत नाही. टाकी आणि डबे भरूनच निघा.

सुमेध_के:
सासू-सासऱ्यांसाठी खरा प्रश्न उंचीचा आहे. बोडी ८,३७५ फुटांवर आहे. आदल्या रात्री ली व्हायनिंगला राहताय हे उत्तम, शरीराला थोडी सवय होते. तरी डोकं दुखलं, मळमळलं तर खाली उतरणं हाच उपाय. सावली जवळजवळ नाही. जुलैत दुपारी विजा चमकू शकतात, म्हणून उघडायच्या वेळेलाच पोचा. स्वच्छतागृह पार्किंगपाशी आहे, तिथूनच जाऊन या. गावातले रस्ते मातीचे, खडबडीत आहेत, काठी न्या. गंजके खिळे आणि काचा सर्वत्र आहेत, त्यामुळे मुलांना चपला-सँडल नकोत, बंद बूटच हवेत.

मेघना_प्र:
धन्यवाद! घरांच्या आत जाता येतं का? आणि खाणीचं?

धातुशोधक:
खाणीत अजिबात नाही. जुन्या खाणींत लाकडी टेकू कुजलेले असतात, उभी विवरं अंधारात दिसत नाहीत, आणि हवेत प्राणवायू कमी असला तर माणूस काही कळायच्या आत कोसळतो. खाणीचा डोंगर लोकांसाठी बंदच आहे. स्टँडर्ड मिल, म्हणजे सोन्याचं खनिज कुटायची गिरणी, मार्गदर्शकासोबत पाहता येते. गेल्या गेल्या फेरीच्या वेळा विचारा. ११ वर्षांच्या मुलाला ती नक्की दाखवा: १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला या मिलसाठी १३ मैलांवरून तारांनी वीज आणली होती.

बहुतेक घरं खिडकीतून पाहायची. काचेला दोन्ही हातांचा आडोसा केला की आतलं नीट दिसतं. १९६२ पासून हे राज्य उद्यान आहे. घरं पडू नयेत इतकीच डागडुजी होते, नवी केली जात नाहीत. म्हणून खिळासुद्धा उचलायचा नाही, तो गुन्हा आहे. मुलांना गाडीतच सांगून ठेवा.

रानवाट:
आता टुफा. ली व्हायनिंगच्या दक्षिणेला ५ मैलांवर १२० पूर्व धरा, पुढे ५ मैलांवर साउथ टुफाचा फाटा. पायवाट साधारण मैलभराची, सपाट, ज्येष्ठांनाही जमते. तळाच्या झऱ्यांतलं कॅल्शियम सरोवरातल्या कार्बोनेटशी मिळून हे सुळके पाण्याखाली तयार झाले. १९४१ पासून लॉस एंजेलिसने इथले ओढे वळवले, पातळी उतरली आणि सुळके उघडे पडले. १९९४ च्या आदेशाने पाण्याच्या उपशावर मर्यादा आली.

सुळक्यांवर चढू देऊ नका, ते ठिसूळ असतात. पाणी समुद्रापेक्षा दुपटीहून खारट आणि अल्कधर्मी, डोळ्यांत किंवा खरचटल्या जागी फार झोंबतं. गोड्या पाण्याची एक बाटली धुण्यासाठी वेगळी ठेवा. काठावर माश्यांचे काळे थर दिसतील. त्या चावत नाहीत, अंगावर बसत नाहीत. मुलांना खुशाल जवळून पाहू द्या.