सकाळी जबडा आखडतो, कानशिलं ठणकतात. झोपेत श्वास अडकण्याशी याचा संबंध असतो का?

नंदगडच्या बाई
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वय 48, अंगाने किरकोळ, थायरॉइडची गोळी चालू आहे. पाळी जाऊन दीड-दोन वर्षं झाली.

उजव्या कानाच्या पुढं दुखतं. सकाळी उठल्यावर तोंड नीट उघडत नाही, ब्रश मागच्या दाढेपर्यंत जात नाही. चहा होईपर्यंत जरा सैल पडतं, दुपारी तर विसरायलाही होतं. पहिलीच्या पोरांची बाराखडी घेताना ‘का’ला कट्ट वाजतं आणि पुढच्या बाकावरची पोरं खुदखुदतात. दोन्ही कानशिलं मात्र रोज सकाळी ठणकतात.

कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ आहे म्हणून परत पाठवलं. एका दाताच्या डॉक्टरांनी दाढेची रूट कॅनाल केली. पैसे गेले, दुखणं जागच्या जागी. दुसरे म्हणाले, तुम्ही झोपेत दात खाता, आणि वरच्या दातांवर बसवायचा नाइट गार्ड दिला. सासूबाईंचं निदान वेगळं: जंत झालेत, गोळी घे. गोळी घेतली, सासूबाईंचं समाधान झालं. गार्ड घालायला लागल्यापासून मात्र सकाळी डोकं जास्तच जड वाटतं.

दिवाळीला लेक बंगळूरहून आली, माझ्याजवळ झोपली. सकाळी म्हणते, “आई, तू मधेच श्वास घ्यायची थांबतेस. मग एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास घेतेस आणि दात करकर वाजवतेस.” आमच्या ह्यांना काही पत्ता नाही, त्यांना उशी लागली की संपलं. मी फार घोरतही नाही. हा आजार जाड माणसांचा, त्यातही पुरुषांचा, असंच ऐकलंय. जबड्याचा त्याच्याशी काय संबंध?

उद्यमबागचा फिटर
बाई, लेकीनं जे बघितलंय ते पहिला डॉक्टरच्या कानावर घाला. मी सीपॅप मशीन लावून झोपतो. नाकावर मास्क असतो आणि हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो. माझंबी सकाळी डोकं दुखायचं, ते गेलं. जबडा वाजायचा काय थांबला नाही, खरं दुखणं निम्म्यावर आलंय. आधी तोंडासकट झाकणारा मास्क होता, त्याचे पट्टे हनुवटी मागं ओढायचे आणि जबडा जास्तच दुखायचा. नुसता नाकाचा मास्क घेतला तसं बरं वाटलं. आमच्याकडं बेअरिंग वाजायलंय म्हणून कोण नुसतं ग्रीस मारत बसत नाही, शाफ्ट बघतोय. आणि लाईटीचं बघून घ्या. रात्री करंट गेला की मशीन बंद, मी इन्व्हर्टरवर जोडलंय.

टिळकवाडी दंतवैद्य
बाई, न तपासता निदान सांगता येत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी मी कागदावर अधोरेखित केल्या असत्या: सकाळी जास्त आणि दुपारी कमी, आणि लेकीनं पाहिलेला थांबलेला श्वास.

जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढं असतो, म्हणून लोक आधी कानवाल्याकडे जातात. कानशिलावर पसरलेला आणि गालात भरलेला असे दोन मोठे स्नायू जबडा मिटतात. दात घट्ट दाबून झोपलात तर सकाळी दुखतात ते बहुतेक वेळा हेच. बोट ठेवून दात आवळून बघा, गोळा हाताला लागतो. दाढ दुखतेय असं वाटणं हेही पुष्कळदा याच स्नायूचं काम असतं, आणि रूट कॅनालने ते जात नाही.

आता श्वासाचं. झोपेत घसा सैल पडतो, जीभ मागं सरकते, वाट बंद होते. श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू तुम्हाला अर्धवट जागं करतो. तुम्हाला सकाळी यातलं काही आठवत नाही. त्या अर्धवट जागेपणी जबड्याचे स्नायू आवळले जाऊ शकतात, दात खाल्ले जातात. जबडा पुढं ढकलून शरीर घसा मोकळा करतं असंही काही जण मांडतात, पण ते सिद्ध झालेलं नाही. ॲप्निया नसलेले कितीतरी लोक दात खातात आणि ॲप्नियावाले सगळेच खात नाहीत. तेव्हा दात खाल्ले म्हणून ॲप्निया, असा हिशेब मांडू नका.

दुसरा दुवा मला जास्त पटतो. झोप रोज तुटत राहिली की वेदना सहन करायची ताकद घटते. जे दुखणं एरवी जाणवलंही नसतं ते ठणकायला लागतं. मग त्या दुखण्याने पुन्हा झोप मोडते. अमेरिकेतल्या ‘ओपेरा’ नावाच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2013 साली आले. ज्यांना सुरुवातीला जबड्याचा त्रास नव्हता पण ॲप्नियाची लक्षणं होती, त्यांच्यात पुढं हा त्रास सुरू होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा साधारण 1.7 पट निघालं. लक्षणं प्रश्नावलीवरून धरली होती, म्हणून हा शेवटचा शब्द नाही. पण आम्ही दंतवैद्यांनी झोपेविषयी विचारायलाच हवं, एवढं त्यावरून नक्की कळतं. माझ्या व्यवसायातले बरेच जण विचारत नाहीत, हे खेदानं सांगतो.

पुरुषांचा आजार वगैरे डोक्यातून काढा. पाळी गेल्यावर बायकांत तो वाढतो. बायका कमी घोरतात. थकवा, झोप न लागणं, सकाळची डोकेदुखी एवढंच सांगतात, आणि त्यांना ताण कमी करा म्हणून घरी पाठवलं जातं. खालचा जबडा लहान किंवा मागं असेल तर किरकोळ माणसालाही होतो. थायरॉइड कमी असणं हेही त्यात भर घालू शकतं, तेव्हा ते नीट आटोक्यात आहे का बघा.

गार्डचं महत्त्वाचं. वरच्या दातांवरचा सपाट गार्ड दात झिजण्यापासून वाचवतो, श्वासाला काही करत नाही. उलट ॲप्निया असलेल्या काहींचा श्वास त्याने आणखी अडकतो असं दिसलंय. म्हणून आधी झोपेची तपासणी, मग गार्डचा विचार.

तपासणी घरीही होते: बोटाला चिमटा, नाकाखाली नळी, छातीला पट्टा. रिपोर्टात तासाला किती वेळा श्वास अडकला किंवा उथळ झाला तो आकडा येतो. 5 ते 15 सौम्य, 30 पर्यंत मध्यम, पुढं तीव्र. घरच्या यंत्रावर मेंदूचा आलेख सहसा नसतो, त्यामुळे हलका प्रकार निसटू शकतो. रिपोर्ट चांगला आला आणि त्रास तसाच राहिला तर रुग्णालयात रात्रभराची तपासणी मागा. छातीच्या किंवा नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडून सुरुवात करा. लेकीला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. चेहऱ्यापेक्षा छाती-पोट दिसू दे. ते हलतंय आणि हवेचा आवाज नाही, हे दिसलं की डॉक्टरला अर्धं कळतं.

निपाणीकर
तोंड उघडत नाही म्हणजे सांधाच असं नाही. आमच्या गल्लीत दोघांचं सुपारी-गुटख्यानं आखडलंय. त्यांचं सकाळ-दुपार सारखंच असतं. बाई, तुम्ही खात नसाल तर सोडून द्या.

नंदगडच्या बाई
नाही हो, सुपारी लग्नकार्यातसुद्धा नाही. डॉक्टर, जबडा पुढं धरणारं एक उपकरण मिळतं म्हणे, ते मशीनपेक्षा सुटसुटीत. मला चालेल का? आणि तपासणी होईपर्यंत गार्ड घालू की नको? झोप लागत नाही म्हणून एका डॉक्टरांनी अर्धी गोळी दिली आहे, ती घेऊ का?

टिळकवाडी दंतवैद्य
ते उपकरण वरच्या-खालच्या दोन्ही दातांवर बसतं आणि सौम्य-मध्यम ॲप्नियात उपयोगी पडतं. पण रात्रभर सांध्यावर ओढ असते. सुरुवातीला सकाळी जबडा दुखतो, काही वर्षांनी दातांची मिठी, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, बदलू शकते. तुमचा सांधा आधीच तक्रार करतोय, म्हणून तो शांत झाल्यावर, आणि तेही झोपेच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू.

गार्ड ज्यांनी दिला त्यांना डोकं जड होतंय हे फोन करून सांगा. माझी पेशंट असता तर तपासणीपर्यंत तो डबीत ठेवायला सांगितला असता. तोवर सकाळी गरम फडक्याचा शेक, कडक भाकरी आमटीत कुस्करून, आणि कुशीवर झोप.

गोळीचं नाव काय आहे ते बघा. झोपेच्या काही गोळ्या घसा आणखी सैल पाडतात. लेकीनं काय पाहिलं ते गोळी देणाऱ्या डॉक्टरांना माहीत नसणार. त्यांना सांगून मगच ठरवा, आपल्या मनानं एकदम बंद करू नका.

आणि पन्नाशीच्या आसपास आहात म्हणून लिहितो. चावताना जबडा भरून येऊन थांबावं लागलं, कानशिलाला हात लावता येईना, किंवा नजर अंधुक झाली, तर झोपेची तपासणी राहू दे, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ते दुखणं रक्तवाहिनीचं असू शकतं. तसंच जिना चढताना जबडा दुखला तर ईसीजी काढा.