सामायिक पार्सल सेवा : दर सर्वांना एकच ठेवावा की घनफळानुसार? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. घरी वस्तू तयार करून ऑनलाइन विकणाऱ्या आमच्या पंचवीस-एक जणांच्या गटासाठी छोटी पार्सल सेवा उभी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. प्रत्येकाने एकेका खोक्याचा सुट्टा दर मोजत बसण्याऐवजी सर्वांच्या ऑर्डरी एका संकेतस्थळावर नोंदवायच्या, माल एका ठिकाणी जमा करायचा आणि एकत्रित संख्येच्या बळावर कुरियर कंपनीकडून करारातला कमी दर मिळवायचा, अशी ही योजना आहे. शिल्लक उरली तर ती गटातच राहील, हे सुरुवातीलाच ठरले. तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर काम केले. कागदावर सोपे वाटलेले गणित काट्यावर गेल्यावर तसे राहिले नाही, म्हणून हा धागा.

अडचण दराची आहे. पहिल्या बैठकीत सर्वांचे मत पडले की हे काम आपण एकमेकांसाठी करत आहोत, तेव्हा प्रत्यक्ष वजनावर सर्वांना एकच दर असावा. मलाही ते पटले होते. परंतु कंपनी प्रत्यक्ष वजन आणि घनफळी वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी करते. आमच्या करारानुसार लांबी, रुंदी आणि उंची यांच्या सेंटिमीटरमधील गुणाकाराला ५००० ने भागले की घनफळी वजन किलोत मिळते. गटातील एक ताई उश्या शिवतात. त्यांचे ४० × ४० × ३० सेंमीचे खोके काट्यावर १.८ किलो भरते, पण बिल ९.६ किलोचे येते. याउलट धातूचे बुकएंड बनवणाऱ्या सदस्यांचे २५ × २० × १० सेंमीचे खोके घनफळाने एक किलो आणि वजनाने चार किलो असते, म्हणजे ते आपला भार पुरेपूर भरतात. एकच दर ठेवल्यास उश्यांची तूट बुकएंडवाल्यांच्या पैशातून भरून निघते, आणि हे त्यांना कोणी सांगितलेलेही नसते.

त्यात फुगवट्याची भर पडली. उश्या दाबून भरल्या, टेप लावताना झाकण सपाट होते. सकाळपर्यंत खोक्याचे पोट सुटले. कंपनीचे यंत्र सर्वांत रुंद जागेवर माप घेते. तिन्ही मापे दोन-दोन सेंटिमीटरने वाढली आणि ९.६ चे जवळजवळ ११.३ किलो झाले. ‘वजनातील तफावत’ या नावाखाली हा आकार तीन आठवड्यांनी बिलात उगवला, तोपर्यंत ग्राहकाचा व्यवहार पूर्ण झाला होता. मोजपट्टी लावून फोटो काढलेला नसल्यामुळे आमची हरकत फेटाळली गेली. पुढच्या खेपेस हवा काढलेल्या पिशव्या वापरल्या. उंची १२ सेंमीवर आली आणि घनफळी वजन ३.८४ किलो झाले. मात्र उशी पुन्हा नीट फुलायला दोन दिवस लागतात, आणि एका ग्राहकाने ती सदोष समजून परत पाठवली!

दुसरा प्रश्न फुटतुटीचा आहे. काही सदस्यांचा माल विमानाने परदेशी जातो. माँट्रियल करारानुसार अशा मालाच्या नुकसानीची वाहकावरील जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून किलोमागे २६ विशेष आहरण हक्कांपुरती (एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक) मर्यादित आहे. मालाचे मूल्य आधी जाहीर करून जादा आकार भरला असेल तरच ती वाढते. म्हणजे ६०० ग्रॅमच्या हाताने घडवलेल्या चिनी मातीच्या कपासाठी जास्तीत जास्त १५.६ हक्क, मग त्यामागची मेहनत कितीही असो. यासाठी गटाचा सामायिक निधी ठेवावा, की ज्याचा माल त्याचा विमा? जाणकारांनी कृपया अनुभव सांगावेत.

प्रतिसाद

आपण दर आणि मदत या दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत, गोंधळ तिथेच आहे. कंपनी जितके आकारते तितके प्रत्येकाच्या खात्यावर मांडा, आणि उश्यांना सवलत द्यायची असेल तर ती गटाच्या निधीतून स्वतंत्र नोंद करून द्या. कोण कोणाला किती हातभार लावतो हे सर्वांना दिसले की कुरबूर बैठकीतच होते, पाठीमागे होत नाही. खोक्यांची तीनच मापे ठरवा आणि चौथे माप स्वीकारूच नका. एवढ्याने ऑर्डर नोंदवतानाच खरा दर दाखवता येतो. फुटतुटीसाठी निधी जरूर ठेवा, पण अट घाला. साडेनऊ किलोपर्यंतच्या खोक्यांसाठी प्रचलित चाचणीत खोके ७६ सेंमी उंचीवरून दहा वेळा पाडतात : एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहाही बाजूंवर एकेकदा. ज्याचे नमुन्याचे खोके यातून सहीसलामत निघेल, त्यालाच भरपाई. आणखी एक, लिथियम बॅटरी असलेली वस्तू न सांगता आत आली तर तिच्यासोबतचा सगळा माल अडकू शकतो; तेव्हा आत काय आहे याचे सहीनिशी निवेदन प्रत्येकाकडून घ्या.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. कपाचे एक खोके आजच पाडून पाहिले. सातव्या खेपेस कान तुटला, त्यामुळे अट घालण्याबद्दल आता दुमत नाही. सवलतीची नोंद वेगळी ठेवण्याचा मुद्दाही पटला, पण ताईंना हा हिशोब दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं नाव दर महिन्याला मदतीच्या रकान्यात येणार असेल तर मी बाहेरूनच पाठवते.” त्यांची खोकी गेली तर एकूण संख्या घटते आणि करारातला दर सर्वांसाठीच वाढतो. सवलत व्यक्तीच्या नावावर न टाकता खोक्याच्या मापावर टाकली, तर हिशोब उघडा राहील आणि त्यांचा संकोचही टळेल, असे वाटते. कोणी अशी पद्धत प्रत्यक्षात राबवली आहे का? मोठ्या मापावरील सवलतीला महिन्याकाठी किती खोक्यांची मर्यादा घातली होती?