पॉलिटिकल सायन्समध्ये पीएचडी, कोकणातला विषय चालेल का?

देवगडवाला: एमए झालं, आता पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा द्यायचीय. मुंबई विद्यापीठात कलिनाला राज्यशास्त्राच्या डिपार्टमेंटचं नाव सिव्हिक्स अँड पॉलिटिक्स आहे म्हणे, तिथे नक्की कशावर रिसर्च करतात? मला रिफायनरीच्या वादावर करायचंय पण घरचे म्हणतात ह्या असल्या गजालींवर कोण डिग्री देणार

राजापूरची सून: गजाली नाही हो त्या, अख्खा विषय आहे. २०१९ ला नाणारला रिफायनरीसाठी जमीन घ्यायची अधिसूचना रद्द झाली, मग त्याच रिफायनरीसाठी बारसूचं नाव आलं, २०२३ च्या एप्रिलात माती परीक्षणावरून तिथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर केवढं रान पेटलं, आणि ग्रामसभेच्या ठरावाला नेमकी किती किंमत हा प्रश्न तसाच लोंबकळतोय! स्थानिक शासन, विकासाचं राजकारण, आंदोलनं, तिन्हीत बसतं. आधी गाईड बघा, त्याचा विषय जुळला तरच पुढचं.

मास्तर: इलेक्शन स्टडीज पण बघ रे. जुना राजापूर लोकसभा मतदारसंघ, खासदार आधी नाथ पै मग १९७१ पासून सलग पाच वेळा मधू दंडवते, ते समाजवादी कोकण शिवसेनेकडे कसं वळलं? मुंबईचे चाकरमानी धरल्याशिवाय उत्तर मिळायचं नाही.

देवगडवाला: चाकरमानी भारी सुचवलंत सर, गणपतीत सगळे घरीच सापडतील